पुढे देण्याची परवानगी

डोंगरकडा, ता. कळमनुरी, जि. हिंगोली
५ नोव्हेंबर २००४

श्रीमती करुणा डोंगरकर यांना,
सप्रेम जय भीम.

पाच वर्षांनी पत्र लिहितो आहे, तेव्हा आधी ओळख दिलेली बरी. मी धम्मानंद पाईकराव, आपल्या धाकट्या काकांचा मुलगा. आपल्या मातोश्री भागूबाई माझ्याच घरी राहतात. त्यांची तब्येत ठीक आहे. आपण विचारलं नाही, तरी सांगून टाकतो.

आता कामाचं. आमच्या तालुक्यातल्या अकरा वाचनालयांत आम्ही कॉम्प्युटर बसवले आहेत. नांदेडच्या एका बँकेनं भंगारात काढले होते, ते दुरुस्त केले. त्यांवर मी विंडोजऐवजी मराठीतलं लिनक्स चढवलं आहे. ते फुकट आहे, पण ती त्यातली लहान गोष्ट. मोठी गोष्ट ही की ज्याच्या हाती ते येईल त्याला ते पुढे कुणालाही देण्याचा हक्क आहे. सगळं मिळून एका सीडीवर मावतं.

कॉम्प्युटर फोनला जोडायला मोडेमचं कार्ड लागतं. आमच्याकडच्या खरखरत्या लाइनवर तग धरतं ते एकच, आपल्या कंपनीचं. पण ते कार्ड मुळात मुकं आहे. दर वेळी कॉम्प्युटर सुरू झाला की त्याला एक छोटी फाइल भरवावी लागते. तिला तुम्ही लोक फर्मवेअर म्हणता. ती पोटात गेली की कार्ड बोलायला लागतं. ती फाइल कंपनीच्या विंडोजच्या सीडीत आहे आणि त्या सीडीवर ठळक छापलं आहे की नक्कल करून वाटण्यास सक्त मनाई.

मला ती फाइल आमच्या सीडीत घालायची लेखी परवानगी पाहिजे. कंपनीला तीन पत्रं धाडली, एकाचंही उत्तर नाही. ती फाइल जिथं तयार होते त्याच विभागात आपण आहात, असं मोठी माय येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असते. बारावीचा निकाल, शिष्यवृत्तीची यादी, नोकरीची जाहिरात, सगळं आमच्याकडे शेवटची तारीख उलटल्यावर पोचतं. १४ एप्रिलला सीडी अकराही गावांत द्यायची आहे. तोवर परवानगी मिळाली नाही तर ते कॉम्प्युटर टायपिंग शिकायच्या लायकीचे राहतील.

आपण मोठ्या ठिकाणी आहात. एवढं जमवावं.

आपला,
धम्मानंद ग्यानोबा पाईकराव
(मधलं नाव आजोबांचं लावतो. आपल्याला आठवत असतील.)


पुणे
१९ नोव्हेंबर २००४

धम्मानंद,

'आपण' आणि 'श्रीमती' तुझ्याकडेच ठेव. पाच वर्षं मला बहीण म्हणायची लाज वाटली आणि आता काम पडलं तर मातोश्री, आपण, मोठं ठिकाण! खवचटपणा करायचा तर निदान विनंतीच्या पत्रात करू नये, एवढं तरी वाचनालयात शिकला असशील असं वाटलं होतं.

तुझी तीन पत्रं आली ती मला माहीत आहेत. आमच्या साहेबांच्या टेबलावर पडली होती. ते म्हणाले, हे कुणी खेड्यातले हौशी दिसतात, आणि ठेवून दिली. तुला खरं ऐकायचं होतं ना, ते हे आहे.

ती फाइल म्हणजे कंपनीची सहा वर्षांची मेहनत आहे. कार्ड कुणीही बनवेल, आतली अक्कल ती. ती अशी वाटायला काढत नाहीत. आणि तुला अडलंय कुठं? कंपनीच्या सीडीतून फाइल घे, प्रत्येक कॉम्प्युटरवर चढव आणि गप्प राहा. डोंगरकड्याला कोण तपासायला येणार आहे? तुला अगदी कागदच हवा असेल तर 'डोंगरकड्याच्या वाचनालयाला वापरायला हरकत नाही' असं चार ओळींचं लिहून देते. तुझ्यापुरतं. एवढ्यावर भागव.

यापुढे ऑफिसच्या पत्त्यावर काही पाठवू नकोस. ई-मेल तर मुळीच नको, इथं ते वाचले जातात. घरच्या पत्त्यावर पोस्टानं टाक.

मायला सांग, तिचं औषध पाठवलं आहे. ते दर महिन्याला पाठवते. तू विचारलं नाहीस, तरी सांगून टाकते.

करुणा


डोंगरकडा
२ डिसेंबर २००४

करुणा,
जय भीम. (तू लिहीत नाहीस म्हणून मी सोडणार नाही.)

'तुझ्यापुरतं' हा शब्द तुला सुचला कसा, याचंच नवल वाटतं. कुणाच्या नातीला सुचला! व्यंकटराव पाटलांच्या ओट्यावर पेपर यायचा तेव्हा ते आजोबांना म्हणायचे, "ग्यानोबा, तुला वाचाया येतंय ना? बस हितंच अन् वाच. पर घरला न्यायचा न्हाई." आजोबांपुरती परवानगी होती. आजोबा तिथं बसून पेपर पाठ करायचे आणि आपल्या वाड्यात येऊन सगळ्यांना म्हणून दाखवायचे. आपलं वाचनालय तिथून निघालं. हे तुला मी सांगायचं?

चोरून चढव म्हणतेस. मला येत नाही असं वाटलं का? एका दुपारचं काम आहे. पण सीडीवर अकरा वाचनालयांची नावं छापलेली असणार, आणि त्यातली आठ आपल्या वस्त्यांतली आहेत. आपल्या पोरांना चोर म्हणायला लोक तसेही टपलेलेच असतात. त्यांच्या हातात मी आयतं कोलीत देणार नाही.

आणि माझ्यापुरतं घेऊन मी करू काय? साखऱ्याच्या जनकाबाई अंगणवाडी चालवतात. ते गाव सेनगाव तालुक्यात, आमच्या यादीत नाही. त्या परवा वारंगा फाट्यावर भेटल्या, म्हणाल्या, "भाऊ, आमाला बी एक सीडी द्या की." मी त्यांना काय सांगू? आधी पुण्याला आमच्या बहिणीला पत्र लिहा? मला हवी ती परवानगी अशी हवी: मी जनकाबाईंना देईन, जनकाबाई आणखी कुणाला देतील, आणि कुणालाच पुन्हा विचारावं लागणार नाही. तसं नसेल तर तुझे चार ओळींचे उपकार नकोत.

धम्मानंद


पुणे
२१ डिसेंबर २००४

धम्मानंद,

आजोबांनी पेपर पाठ करून वाड्यात सांगितला तेव्हा व्यंकटरावांची लेखी परवानगी घेतली होती का? नव्हती घेतली. त्यांनी न विचारता वाटलं. त्यांचं तेवढं उचल आणि फाइल वाट, म्हणजे माझी सुटका होईल.

करुणा


डोंगरकडा
३० डिसेंबर २००४

करुणा,

आजोबा पकडले गेले असते तर एकटे मार खाणार होते. मी पकडला गेलो तर अकरा गावं खातील. फरक कळत नसेल तर तुझ्या शिक्षणाचं कठीण आहे.

परवानगी पाहिजे. लेखी पाहिजे. पुढे देता येईल अशी पाहिजे. साहेबांना जाऊन सरळ विचारायला तुला काहून जड जातं तेच मला कळत नाही. तोंडात जीभ आहे ना? की तीही बदलून घेतलीस?

धम्मानंद


पुणे
१७ जानेवारी २००५

धम्मानंद,

सोबत कंपनीच्या लेटरहेडवर पत्र आहे. तुला हवं होतं तसंच लिहिलं आहे: तुमच्या सीडीसोबत ही फाइल कुणीही कुणालाही द्यावी, कंपनीची हरकत नाही. खाली माझी सही आहे. इथं माझ्या सहीनं चालतं.

हे नीट ठेव. कुणी विचारायला आलंच तर दाखव, एरवी पेटीत राहू दे. आणि यानंतर माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटू नकोस.

करुणा


डोंगरकडा
८ फेब्रुवारी २००५

करुणा,
सप्रेम जय भीम.

पत्र मिळालं. मनापासून आभार. तुझ्या हातून हे होईल असं वाटलं नव्हतं, हेही मनापासून.

फाइल चढवली. वारंगा फाट्याला मोहनसिंगच्या टायरच्या दुकानामागे जे वाचनालय आहे, तिथं पहिल्यांदा लाइन लागली. कार्डाचा तो किरकिर आवाज संपून पडदा उघडला तर मोहनसिंग म्हणाला, "बस, अब नांदेड जाने की तकलीफ खतम."

तू पेटीत ठेव म्हणालीस, पण आमच्यात तशी रीत नाही. परवानगी फाइलीच्या शेजारीच ठेवायची असते, म्हणजे सीडी जाईल तिथं परवानगीही जाते. म्हणून तुझं पत्र जसंच्या तसं सीडीत घातलं. शिवाय देशभरात हे काम करणारे आम्ही तीनेकशे जण ई-मेलवर एकमेकांना लिहीत असतो, तिथंही ते ठेवलं. ते सगळं इंटरनेटवर कुणालाही वाचता येतं. आमच्या कामात काही झाकलेलं नसतं.

चेन्नईच्या एका गृहस्थानं तिथं शंका काढली: ही बाई कोण, हिची सही खरी कशावरून? मी उत्तर दिलं ते तुझ्या माहितीसाठी उतरवतो: 'करुणा डोंगरकर, मूळच्या पाईकराव, माझ्या सख्ख्या काकांची मुलगी, बौद्धवाडा, डोंगरकडा. मी त्यांना जन्मापासून ओळखतो. सही खरी आहे.' त्यावर शंका मिटली.

१४ एप्रिलला वेळ असेल तर ये.

धम्मानंद


पुणे
१९ फेब्रुवारी २००५

धम्मानंद,

जिंकलास. आता ऐक, काय जिंकलास ते.

कंपनीचे वकील दर आठवड्याला इंटरनेटवर कंपनीचं नाव शोधतात. सोमवारी त्यांना तुझं पत्र सापडलं, म्हणजे माझं. मंगळवारी मला बोलावलं. मला तशी सही करायचा अधिकार नव्हता. 'माझ्या सहीनं चालतं' हे मी तुला खोटं सांगितलं, तुझं तोंड बंद करायला. पेटीत ठेव म्हणून सांगितलं होतं. एवढं सांगितलेलं पाळलं असतंस तर तुझी गावं आयुष्यभर त्यावर चालली असती आणि मीही. आता चौकशी संपेपर्यंत मला घरी बसवलं आहे.

हे मी सोसलं असतं. सही माझी, चूक माझी. पण बौद्धवाडा कुणी विचारला होता तुला? चेन्नईच्या माणसानं सही खरी का एवढंच विचारलं होतं ना? 'मूळच्या पाईकराव' कशासाठी? चौकशीच्या कागदाला तुझं ते उत्तर छापून जोडलं आहे. सगळ्या मजल्यानं वाचलं. एचआरच्या बाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "तुम्ही कधी बोलला नाहीत!" जणू मी सहा वर्षं त्यांच्या घरातलं काही लपवून ठेवलं होतं.

आमच्या ऑफिसातली एक मुलगी याच इमारतीत राहते. घरमालकीण रुख्मिणीबाई गावाला जाताना देवघराची किल्ली माझ्याकडे ठेवून जायच्या, दिवा लावायला. सहा वर्षं ठेवत होत्या. परवा त्या आळंदीला गेल्या आणि किल्ली वॉचमनकडे देऊन गेल्या. माझ्याशी जिन्यात हसून बोलल्या, तब्येतीला जप म्हणाल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

तू हे मुद्दाम केलंस. देशातल्या तीनशे माणसांसमोर मला माझी जागा दाखवलीस. माझ्या नावानं आता पत्र लिहू नकोस, कुठल्याही नावानं नको.

करुणा


डोंगरकडा
१ मार्च २००५

करुणा,

मी एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही. तू खोटी सही केलीस आणि मी खरा पत्ता लिहिला, तरी आरोपी मी! भले.

तुझी जागा दाखवली म्हणतेस. डोंगरकड्याचा बौद्धवाडा ही काय कमी जागा आहे? तिथं तुझी माय राहते. तिथं मी राहतो. तिथं आमचं नाव दारावर लिहिलेलं आहे आणि आमचं काही अडत नाही. आजोबा गेले तेव्हा पेपरात शोक करणाऱ्यांची नावं द्यायची होती. तू फोनवर म्हणालीस, "माझं डोंगरकर छाप, नाहीतर छापूच नको." मी छापलं नाही. त्या दिवशीच मला कळलं होतं की आजोबांची नात आजोबांच्या आधीच गेली.

फाइल काढून टाकली आहे. इंटरनेटवरूनही आणि सगळ्या कॉम्प्युटरवरूनही. मोहनसिंग विचारत होता काय झालं. सांगितलं, मालकाची खरी परवानगी नव्हती. अकराही लाइनी बंद आहेत. समाधान वाटलं असेल.

धम्मानंद


डोंगरकडा
९ मार्च २००५

करुणाला मायचा आशीर्वाद.

मी भागूबाई बोलून राहिले अन् सरिता लिहून राहिली. धम्माची बायको म्हून ती त्याची बाजू घील असं समजू नको. म्या तिला सांगितलंय, म्या बोलंन तसंच बराबर लिही, सुधरू नको.

तुजं पत्र सरितानं मला वाचून दावलं. धम्मानं तुला काय लिवलं तेबी वाचाया लावलं. दोघंबी शिकलेले अन् दोघायला बी अक्कल न्हाई.

धम्माला परवा समोर बसवून सांगितलं, तेच तुला लिवते, म्हंजी तुला बी कळंल का म्या त्याला सांगितलंय. तुला नौकरी लागली तवा म्या पुण्याला आल्ते, खोली पाहाया. चार जागी गेलो. खोली रिकामी ऱ्हायची, आडनाव सांगितलं का मालकाचा भाचा येणार ऱ्हायचा. पाचवी ती रुख्मिणीबाई. तिनं इचारलं, आडनाव काय? तुजं तोंड उघडायच्या आत म्या म्हणले, डोंगरकर. गावाचं नाव तोंडात आलं, तेच दिलं. तू रस्त्यानं माज्याशी बोलली न्हाईस. म्याच म्हणले, आता कागदोपत्री बी हेच करून घी, म्हंजी लबाडी ऱ्हात न्हाई. तू रडलीस अन् करून घेतलंस.

मला तवा शरम वाटली न्हाई. मी थकल्ते. पाय दुखून राहिल्ते. लेकराला छप्पर पायजे होतं.

हे म्या गावात कुणाला बोलले न्हाई. म्हातारा गेला त्या वक्ताला धम्मा तुला नाय नाय ते बोलला, तवाबी मी गप बसले. ती चूक माजी. ते नाव तुजं न्हाई, म्या ठिवलेलं हाय. पयलं बी म्याच ठिवलं, हे बी म्याच. कुणाला लाज काढायची आसंल तर माजी काढा.

धम्मा दोन दिस झाले खाली मान घालून जेवून राहिला. त्याला म्या बोलत न्हाई. तू काय करायचं ते तुजं तू पाह्य. तुमच्या त्या फायलीतलं मला काय कळत न्हाई, पर ती सुरू होती तवा वारंग्याची पोरं लई खूश होती, एवढं पाह्यलंय.

गुडघ्याचं औषध पावलं.

तुजी माय
भागूबाई


डोंगरकडा
१४ मार्च २००५

अक्का,
जय भीम.

पत्र लिहू नकोस म्हणालीस. हे शेवटचं.

तू म्हणाली होतीस, मुद्दाम केलंस. मी ते उडवून लावलं. चेन्नईच्या माणसाला 'सही खरी आहे' एवढं लिहून माझं काम झालं होतं. मग मी वर 'मूळच्या पाईकराव' घातलं. 'बौद्धवाडा' लिहिताना हात थांबला. पाचएक मिनिटं थांबला असेल. मला पुरतं माहीत होतं की हे तुझ्या ऑफिसात पोचू शकतं. तरी लिहिलं. खरं लिहिण्याची रीत आहे म्हणून लिहिलं असं स्वतःला समजावलं. रीत होती, पण मी ती तुझ्यावर उगारली.

पाच वर्षं मी समजत होतो की तू आम्हाला टाकलंस. मोठ्या मायनं जे सांगितलं ते ऐकून मला दोन दिवस तिच्याकडे बघवलं नाही. ती अजून माझ्याशी बोलत नाही. सरिताही कामापुरतं बोलते.

आमच्या त्या ई-मेलच्या यादीवर मी आज लिहिलं आहे की ती परवानगी वैध नव्हती, ती न तपासता वाटण्याची चूक माझी, आणि सही करणारीची जात-वस्ती सांगायचं मला काही कारण नव्हतं. जुनं उत्तर पुसून टाका असंही त्यांना कळवलं आहे. तुझ्या कंपनीला माझ्या सहीनं माफीचं पत्र रजिस्टरनं धाडलं. त्यात सगळा आग्रह माझा होता असं लिहिलं आहे. ते खरंच आहे.

१४ एप्रिलला सीडी निघणार नाही. गावांना कळवलं.

तू आता माफ कर असं म्हणत नाही. मीही तुझ्या जागी केलं नसतं.

धम्मा


पुणे
६ एप्रिल २००५

धम्मा,
जय भीम.

माफ केलेलं नाही. ते आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुझा गैरसमज होणार नाही.

तुझं माफीचं पत्र कंपनीत पोचलं. त्या जोरावर माझी नोकरी वाचू शकत होती. वकील म्हणालेच, "तुम्हाला नातेवाइकानं भरीस घातलं असं लिहून द्या, प्रकरण मिटवू." मी लिहून दिलं नाही. तुझ्यासाठी नव्हे. मला कुणी भरीस घातलं नव्हतं. तू फक्त छळलं होतंस.

मी सांगितलं, मला संचालकांपुढे दहा मिनिटं बोलायचं आहे. साहेबांनी विचारलं, ही फाइल फुकट वाटून कंपनीला काय मिळणार? मी म्हटलं, आपल्या कार्डाशिवाय ती फाइल कशाच्याही उपयोगाची नाही. जितक्या हातांत ती जाईल तितक्यांना कार्ड आपलंच घ्यावं लागेल. त्यातली अक्कल आहे तशी बंद राहू दे, फक्त जशीच्या तशी पुढे देऊ द्या. संचालक साहेबांकडे वळले. मग म्हणाले, मग हे आपण इतकी वर्षं अडवलं कशासाठी? कुणालाच माहीत नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

आता तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर. साहेबांना सरळ विचारायला काहून जड जातं, असं तू विचारलं होतंस. हेच सगळं मी नोव्हेंबरात त्यांच्या केबिनमध्ये जाऊन बोलू शकले असते. दारापर्यंत दोनदा गेलेही होते. पण ते पहिलं विचारणार, तुला त्या खेड्याचं एवढं काय पडलंय? तिथं तुझं कोण आहे? त्याला माझ्याजवळ उत्तर होतं आणि ते मला द्यायचं नव्हतं. म्हणून परत आले आणि खोटी सही केली. या वेळी त्यांनी तेच विचारलं. मी सांगितलं, माझी माय आहे. बौद्धवाड्यात राहते. तिच्या घराशेजारी वाचनालय आहे. हे बोलायला अर्धं मिनिट लागलं. त्या अर्ध्या मिनिटासाठी सहा वर्षं घालवली, याबद्दल मला तुझ्यापेक्षा माझाच राग जास्त आला.

परवानगी सोबत आहे. ही खरी आहे, संचालकांच्या सहीची, शिक्क्याची. अधिकार नसताना सही केली म्हणून नोकरी मात्र सोडावी लागते आहे, ३० तारखेपर्यंत. तो त्यांचा नियम आहे आणि तो बरोबर आहे. दुसरी शोधते आहे. या वेळी खोली आणि नोकरी दोन्हीकडे आधी पत्ता सांगणार आहे, मग बघू किती जणांचे भाचे येतात.

परवानगीच्या खाली मसुदा करणारीचं नाव आहे. वकील म्हणत होते त्याची गरज नाही. मी म्हटलं, गरज आहे. तू ते तुझ्या रीतीप्रमाणे फाइलीशेजारी ठेव, सगळ्यांना वाचता येईल असं. पुसायला सांगितलंस ते उत्तर पुसलं गेलं हे बरं झालं, कारण ते तू लिहिलेलं होतं. हे मी लिहिलं आहे. पाईकराव मात्र शोधू नकोस त्यात. आडनाव मायनं दिलेलं आहे, चार दारं बंद झाल्यावर दिलेलं आहे, आणि ते मी कुणाच्या सांगण्यावरून टाकणार नाही. तुझ्या तर नाहीच.

१३ तारखेला येते आहे. मायकडे येते आहे. ती तुझ्या घरात राहते, त्याला माझा इलाज नाही. वारंगा फाट्यावर उतरून आधी मोहनसिंगच्या मागची लाइन लागते का ते बघेन. कार्डाचं एक दुखणं मला माहीत आहे, तुला ते सापडलं नसणार.

करुणा

(सोबतचा कागद)

या मोडेम कार्डाचे फर्मवेअर ज्याच्या हाती येईल त्याने ते वापरावे, त्याची नक्कल करावी आणि जसेच्या तसे दुसऱ्यास द्यावे. ज्याला दिले त्यालाही हाच हक्क राहील, आणि त्याने ज्याला दिले त्यालाही. ही परवानगी एका व्यक्तीपुरती, एका संस्थेपुरती किंवा एका गावापुरती नाही. यासाठी कोणालाही पुन्हा विचारावे लागणार नाही.

संचालकांची सही व शिक्का

मसुदा: करुणा भागूबाई डोंगरकर
बौद्धवाडा, डोंगरकडा, जि. हिंगोली